दार उघडं होतं, मग ती पळाली का नाही?

पत्र:

ताई,

आम्ही काही मैत्रिणी दर महिन्याला एक पुस्तक वाचतो आणि मग भेटून त्यावर बोलतो. यावेळचं पुस्तक मी सुचवलं होतं, सायकॉलॉजिकल थ्रिलर. एका बाईला दिवसाढवळ्या पळवून नेतात, वर्षभर एका घरात कोंडून ठेवतात आणि मग ती सुटते. अर्धं पुस्तक कोंडलेल्या दिवसांचं, अर्धं घरी आल्यानंतरचं. मला तर खाली ठेववत नव्हतं.

चर्चेत मात्र भलतंच झालं. एक म्हणाली पहिला भाग जबरदस्त पण नंतर रटाळ झालंय. दुसरी म्हणाली हिरॉइन डोक्यात जाते, सुटली ना एकदाची, मग आईवर काय खेकसते सारखी. सगळ्यात जास्त वाद झाला तो त्या प्रसंगावर, जिथे तो माणूस दार उघडं टाकून जातो आणि ती उंबऱ्यापर्यंत येऊन परत आत जाऊन बसते. ‘मी असते तर पळाले असते’ हे जवळपास प्रत्येकीने म्हटलं, मीसुद्धा. शेवटी तो मेल्यावर ती रडते, त्यावर तर सगळ्या हसायलाच लागल्या. आमच्यातली एक जण पूर्ण वेळ गप्प होती. मध्येच पाणी प्यायला उठली ती परत आलीच नाही, पर्स उचलून निघून गेली. दुसऱ्या दिवशी मेसेज, की आता वेळ जमत नाही, मला धरू नका. तिच्या लग्नाबद्दल ती कधीच काही बोलत नाही, मला एवढंच माहितीये. पण तेव्हापासून मला सारखं वाटतंय की आम्ही काहीतरी फार वाईट बोललो.

आणि माझं म्हणशील तर झोप उडालीये. दाराची कडी परत परत उठून बघते, बंद खोलीची स्वप्नं पडतात. नवरा म्हणतो गोष्टच आहे ना, सोडून दे. आणि एक गोष्ट मन खातेय, ती म्हणजे मला ते वाचताना मजा आली. माझ्यात काही बिघडलंय का? मला ट्रॉमा झालाय का? अशी पुस्तकं बंद करू का? आणि तिला काय बोलू?

झोप उडालेली


उत्तर:

अगं, चार प्रश्न विचारलेस आणि मैत्रिणीचा सगळ्यात शेवटी, पण बाकीचे तीन एकत्र केले तरी त्याच्याएवढे होत नाहीत. त्याच्याकडे येतेच मी. फक्त आधी ते उघडं दार नीट बघून घेऊ, कारण तुमच्या चर्चेत जे बिनसलं ते त्या दारापाशीच बिनसलं. पुस्तक मी वाचलंय, त्यामुळे प्रसंग डोळ्यापुढे आहे.

तो दार उघडं टाकून जातो तेव्हा तिला तिथे आणून सात महिने झालेत. त्याआधी काय काय झालंय ते आठव जरा. सुरुवातीला तिने दोनदा पळायचा प्रयत्न केला, दोन्ही वेळा पकडली गेली, आणि दुसऱ्या वेळी त्याने तिला बोटही लावलं नाही, फक्त एक फोटो आणून समोर ठेवला, तिच्या आईच्या घराचा, खिडकीत आई उभी आहे असा. त्यानंतर कितीतरी वेळा तो मुद्दाम किल्ली टेबलावर विसरल्यासारखं करतो आणि शेजारच्या खोलीत चाहूल घेत उभा राहतो. म्हणजे आपल्याला वाचताना दार दिसतं पण तिला दार दिसतच नाहीये, तिला दिसतोय अजून एक सापळा, आणि उंबऱ्याच्या पलीकडे दिसतेय ती खिडकीतली आई. तिचा पाय निघत नाही. ही सगळी पानं तुम्ही सगळ्यांनी वाचलीत, तरी चर्चेला बसल्यावर लक्षात काय राहिलं तर दार उघडं होतं.

आणि हे काही लिहिणाऱ्याने मनाचं घातलेलं नाहीये. एलिझाबेथ स्मार्ट म्हणून अमेरिकेतली मुलगी, सॉल्ट लेक सिटीची, १४ वर्षांची होती. जून २००२ मध्ये तिला तिच्या स्वतःच्या बेडरूममधून सुरीच्या धाकावर उचलून नेलं. नऊ महिने ती त्या माणसाच्या ताब्यात होती, आणि त्या काळात तो तिला चेहरा झाकून चार लोकांतही घेऊन जायचा. एकदा तर सार्वजनिक वाचनालयात एक पोलीस अधिकारी समोर येऊन उभा राहिला, चेहऱ्यावरचं बाजूला कर म्हणाला, तर तो माणूस म्हणाला आमच्या धर्मात चालत नाही, आणि ती गप्प बसून राहिली. सुटका हाताच्या अंतरावर उभी होती गं. मार्च २००३ मध्ये पोलिसांना सापडली तेव्हासुद्धा आधी स्वतःचं नाव कबूल करेना. घरच्यांना मारून टाकीन ही धमकी तिच्या डोक्यात इतकी पक्की बसली होती की समोरचा पोलीस तिला त्यापेक्षा खरा वाटलाच नाही. मोठी झाल्यावर ती याबद्दल जाहीरपणे बोलते, आणि तिने सांगितलंय की ‘पळाली का नाहीस’ हा प्रश्न कानावर पडला की त्यात दोष दिल्यासारखंच ऐकू येतं.

शरीराचंही थोडं समजून घे, कारण ‘मी असते तर’ म्हणताना आपण सोफ्यावर बसून बोलत असतो, पोट भरलेलं, श्वास नीट चाललेला. भीतीच्या वेळी शरीर फक्त लढतं किंवा पळतं असं नाही, थिजतंही, आणि ते ठरवून होत नाही. तोंडातून आवाज फुटत नाही, हात हलत नाही, आणि डोकं मात्र सगळं बघत असतं. हे झालं अचानक आलेल्या भीतीचं. महिनोन् महिने चाललेल्या भीतीचं अजून वेगळं. १९६७ मध्ये मार्टिन सेलिगमन आणि स्टीव्हन मायर या मानसशास्त्रज्ञांनी कुत्र्यांवर प्रयोग केले होते, वाचायलाही त्रास होतो असे. ज्या कुत्र्यांना विजेच्या झटक्यांतून सुटायला काहीच मार्ग ठेवला नव्हता, त्यातली बरीचशी नंतर सुटायची सोय केली तरी जागेवरच पडून राहिली. तेव्हा त्यांनी म्हटलं की ही कुत्री हतबलता शिकली. पण याच दोघांनी २०१६ मध्ये, मधल्या काळातलं मेंदूवरचं काम बघून, स्वतःचाच निष्कर्ष फिरवला. लांबलेल्या त्रासात निपचित होणं हे मेंदूचं मूळचंच आहे म्हणाले, ते कोणी शिकत नाही, शिकावं लागतं ते ‘इथे माझ्या हातात काहीतरी आहे’ हे. माझ्या मते त्या उंबऱ्याच्या प्रसंगाचं याहून चांगलं उत्तर नाही. तिच्या हातात काहीतरी आहे असं तिला सात महिन्यांत एकदाही जाणवू दिलेलं नाही, आणि आपण तिच्याकडून एका उघड्या दारात ते अपेक्षित धरतो.

मग इतक्या शहाण्यासुरत्या, एरवी मायाळू असलेल्या बायका एकसुरात ‘मी पळाले असते’ का म्हणतात? तू स्वतःला आणि त्यांना दुष्ट ठरवून मोकळी होऊ नकोस. १९६६ मध्ये मेल्विन लर्नर आणि कॅरोलिन सिमन्स या मानसशास्त्रज्ञांनी एक प्रयोग केला. काही जणींना बसवून दाखवलं की शेजारच्या खोलीत एका बाईला शिकताना चूक झाली की विजेचे झटके बसतायत. झटके खोटे होते, ती बाई नाटक करत होती, पण बघणाऱ्यांना ते माहीत नव्हतं. ज्यांना तिचा त्रास थांबवायची संधी दिली त्यातल्या बहुतेकींनी तो थांबवला. ज्यांना नुसतंच बघत बसावं लागलं, आणि वर हा त्रास पुढे चालूच राहणार असं सांगितलं, त्यांच्या नजरेतून ती बाईच उतरली, तिच्यातच काहीतरी खोट आहे असं त्यांना वाटायला लागलं. मला हा प्रयोग आठवला की पोटात कालवतं, कारण थ्रिलर वाचणारी आपणही तशीच बसलेलो असतो, समोर चाललंय ते थांबवता येत नाही, आणि हे माझ्यावरही येऊ शकतं हा विचार तर सहनच होत नाही. तिने काहीतरी चूक केली म्हणून ती अडकली, मी ती केली नसती म्हणून मी सुरक्षित, असं म्हटलं की जरा बरं वाटतं. तुमच्या चर्चेतल्या त्या वाक्यात भीतीच होती सगळी. पण बोलणारीच्या मनात काय होतं ते ऐकणारीला कसं कळणार, तिच्यापर्यंत फक्त शब्द पोचतात.

ती रडते त्याचं बोलू, कारण तुम्ही तिथे हसलात आणि मला वाटतं तुझी मैत्रीण तिथेच उठली असेल. ऑस्ट्रियातल्या नताशा काम्पुशचं नाव तू ऐकलं असशील. १९९८ मध्ये व्हिएन्नात शाळेत जाताना तिला पळवलं, १० वर्षांची होती, आणि ऑगस्ट २००६ मध्ये ती स्वतः पळाली, आठ वर्षांहून जास्त काळानंतर. पळवणाऱ्या माणसाची गाडी व्हॅक्यूम क्लीनरने साफ करत होती, त्याला फोन आला, आवाजामुळे तो जरा लांब गेला आणि ती धावत सुटली. त्याच दिवशी त्याने जीव दिला. ते कळल्यावर ती रडली, आणि लोकांनी तिला त्यावरून काय काय ऐकवलं, जणू काही त्या रडण्याने आधीची आठ वर्षं खोटी ठरली. अगं, दहाव्या वर्षापासून अठराव्या वर्षापर्यंत तिच्या आयुष्यात जवळपास दुसरं माणूसच नव्हतं. खायला देणारा तोच, मारणारा तोच, बोलायला तोच. असा माणूस गेल्यावर नेमकं काय वाटावं याचा नियम कोणी करायचा?

अशा वेळी लोक लगेच स्टॉकहोम सिंड्रोम, म्हणजे कोंडून ठेवणाऱ्याबद्दलच माया वाटायला लागणं, असं म्हणून मोकळे होतात, तुमच्यातही कोणीतरी म्हटलंच असेल. हे नाव आलं १९७३ च्या ऑगस्टमधल्या स्वीडनमधल्या स्टॉकहोमच्या बँक दरोड्यावरून, चार कर्मचारी सहा दिवस ओलीस होते. त्यातल्या एकीने, क्रिस्टिन एन्मार्कने, थेट पंतप्रधान ओलोफ पाल्मे यांच्याशी फोनवर बोलून सांगितलं की मला दरोडेखोरांपेक्षा पोलिसांच्या हल्ल्याची भीती वाटतेय. बाहेर बंदुका रोखून लोक उभे असताना आत बसलेल्या माणसाला हे वाटणं मला तरी अगदी सरळ वाटतं. पण पोलिसांना सल्ला देणारे मानसोपचारतज्ज्ञ निल्स बेयेरोट यांनी त्याला नाव दिलं आणि ते जगभर चिकटलं. मानसिक आजारांच्या अधिकृत यादीत हा आजार म्हणून कुठेही नाही. काम्पुशनेही हे लेबल साफ नाकारलंय. आणि मला ती पटते. ज्याच्या हातात आपला जीव आहे त्याचा मूड ओळखणं, त्याला खूश ठेवणं, त्याच्यातलं थोडंफार माणूसपण शोधून त्याला धरून राहणं, हे सगळं जगण्यासाठीचं काम आहे, रात्रंदिवस चाललेलं. ते एका दिवसात बंद होत नाही.

आता रटाळ दुसऱ्या भागाकडे येते, आणि इथे मी तुमच्या ग्रुपशी अजिबात सहमत नाहीये. माझ्यासाठी खरं पुस्तक तिथूनच सुरू होतं. पहिल्या भागात लेखनाची हातोटी आहे हे मान्य, प्रकरण संपताना असा काही धक्का ठेवलाय की पान उलटावंच लागतं. पण कोंडलेल्या बाईचं वर्णन बऱ्याच जणांना जमतं. घरी आलेल्या बाईचं फार कमी जणांना. ती बूट घालून झोपते ते आठवतंय का? आई रोज रात्री हळूच काढून ठेवते आणि सकाळी ते परत तिच्या पायात असतात. आणि स्वयंपाकघरातला तो प्रसंग, ताट समोर वाढलेलं, सगळे जेवायला लागलेत आणि ती हात मांडीवर ठेवून बसलीये, बराच वेळ, शेवटी भावाच्या लक्षात येतं की ती ‘जेव’ म्हणून कोणी सांगण्याची वाट बघतेय. भाऊ ‘जेव’ म्हणतो, ती जेवते, आणि आई उठून बाहेर जाते. एवढंच. ना रक्त, ना पाठलाग, पण वर्षभरात तिच्याकडून काय काढून घेतलं ते त्या एका पानात आहे.

ज्युडिथ हर्मन या मानसोपचारतज्ज्ञांनी १९९२ मध्ये ट्रॉमातून सावरण्याबद्दल जे लिहिलं ते आजही त्या क्षेत्रात पायासारखं वापरलं जातं. त्यांचं म्हणणं असं की सावरण्याची सुरुवात आठवणी उकरण्याने होत नाही, आधी सुरक्षित वाटावं लागतं आणि स्वतःच्या बारीकसारीक गोष्टी परत स्वतःच्या हातात याव्या लागतात, कधी झोपायचं, दार लावायचं की उघडं ठेवायचं, कोणाला भेटायचं. मग आठवणं, त्यावर रडणं, आणि मग हळूहळू परत माणसांत येणं. हे टप्पे काही ओळीने येत नाहीत, पुढे जाऊन माणूस मागे येतो. आता आईचं बघ. ती बिचारी मायेपोटी रोज बूट काढते, पण न विचारता काढते. मुलगी खेकसते ती तिथेच. तुम्हाला ती कृतघ्न वाटली. पण आघातानंतरच्या त्रासाच्या लक्षणांत चिडचिड आणि रागाचा भडका हे चक्क लिहिलेलं आहे, झोप न येणं, दचकणं, सतत सावध असणं याच्याच रांगेत. आणि तिचा राग सुरक्षित माणसावर निघतो, कारण ज्याच्यावर निघायला हवा होता त्याच्यावर एक वर्ष तो निघू शकलेला नाही. आपल्याला सुटून आलेली बाई कशी हवी असते, तर हसरी, आभार मानणारी, जरा डोळ्यात पाणी असलेली. ती तशी नसली की आपली सहानुभूती फार लवकर आटते.

शेवटचा ट्विस्ट मात्र मलाही नाही पटला. इतकं खरं लिहून झाल्यावर आईलाच कटात ओढायची काहीच गरज नव्हती, त्याने त्या ताटाच्या प्रसंगाचंही नुकसान होतं, परत वाचताना आईचं उठून जाणं संशयास्पद वाटायला लागतं. आणि थेरपिस्टकडे एकदा भडाभडा बोलल्यावर ती शांत झोपते हेही घाईघाईने उरकल्यासारखं वाटलं.

आता तुझ्याकडे. तुझ्यात काही बिघडलेलं नाहीये. मजा आली म्हणून अपराधी वाटतंय ना, तर अमांडा व्हिकारी आणि ख्रिस फ्रेली यांचं २०१० मधलं एक संशोधन आहे, खऱ्या गुन्ह्यांवरची पुस्तकं बायका पुरुषांपेक्षा जास्त का उचलतात यावर. त्यात दिसलं की ज्या पुस्तकात बळी पडलेली बाई काहीतरी युक्ती करून निसटते, किंवा गुन्हेगार असं का वागतो ते समजतं, त्याकडे बायका जास्त ओढल्या जातात. म्हणजे तू पानं उलटत होतीस त्यात एक भाग हा असणार, की मी तिथे असते तर काय केलं असतं, सुटायला काय कामी येईल. दुसऱ्याच्या दुःखाचा आनंद वेगळा आणि ‘ती सुटू दे’ म्हणत श्वास रोखून वाचणं वेगळं, तू कुठलं करत होतीस ते तुला माहितीये. तिचं काय होतंय याची काळजी नसती तर तुझी झोप उडाली नसती.

ट्रॉमा झालाय का म्हणशील, तर निदानाच्या अर्थाने नाही. पीटीएसडी, म्हणजे आघातानंतर टिकून राहणारा मानसिक त्रास, त्याचे २०१३ चे जे निकष आहेत त्यात स्पष्ट म्हटलंय की टीव्ही, सिनेमा, फोटो अशा माध्यमातून बघितलेलं यात धरायचं नाही, ज्यांचं कामच असलं बघण्याचं आहे त्यांचं सोडून. आणि लक्षणं महिन्याहून जास्त टिकावी लागतात. पण निदान बसत नाही म्हणजे त्रास खोटा असं मी म्हणत नाहीये, नवऱ्याने ‘गोष्टच आहे ना’ म्हणून उडवून लावलं ते मला नाही आवडलं. मेंदू घाबरताना गोष्ट आणि खरं असं फार काटेकोर वेगळं ठेवत नाही. कडीचं एक कर, रात्री एकदाच लाव पण लावताना पूर्ण लक्ष देऊन, हाताला लोखंड कसं लागतंय ते जाणवू दे, आणि मग उठायचं नाही. परत परत तपासलं की खात्री वाढेल असं वाटतं पण होतं उलटं, आठवणीवरचाच विश्वास कमी होत जातो, यावरही चांगलं संशोधन आहे. स्वप्नासाठी असं कर, दिवसाढवळ्या, जागेपणी ते स्वप्न आठव आणि त्याचा शेवट बदल, तुला हवा तसा, बंद खोलीला अजून एक दार काढ, कोणीतरी आत येऊ दे, काहीही, आणि तो नवा शेवट रोज थोडा वेळ डोळ्यापुढे आण. साधं वाटतं पण वारंवार पडणाऱ्या वाईट स्वप्नांसाठी थेरपिस्ट हेच करून घेतात. तरी काही आठवडे गेले आणि फरक नाही, किंवा हे वाचून तुझं स्वतःचं जुनं काहीतरी वर येतंय असं वाटलं, तर मात्र समुपदेशकाकडे जा, पुस्तकामुळे आले असं सांगायला अजिबात लाजू नकोस. पुस्तकं बंद करायची गरज नाही, झोपायच्या आधी नको एवढंच.

आणि आता ती. पहिली गोष्ट, तुझा अंदाज आहे तो अंदाजच राहू दे. कदाचित तिला खरंच वेळ नसेल, कदाचित तिच्या बहिणीच्या वाट्याला असं काही आलं असेल, कदाचित तू म्हणतेस तसं लग्नातलं. कोंडून ठेवायला दर वेळी अनोळखी माणूस आणि तळघर लागत नाही. घरात, रोजच्या माणसाकडून, पैसा, फोन, येणं-जाणं, मैत्रिणी सगळ्यावर पहारा ठेवून हे होतं, इंग्लंड आणि वेल्समध्ये तर २०१५ पासून अशा वागण्याला कायद्याने स्वतंत्र गुन्हा धरलाय. अशा घरातून निघालेल्या किंवा अजून आतच असलेल्या बाईने ‘दार उघडं होतं तरी गेली नाही’ यावरचं हसणं ऐकलं असेल तर तिला काय वाटलं असेल ते मी वेगळं सांगायला नको. पण तू जाऊन ‘तुझ्याबरोबर असं काही झालंय का’ विचारू नकोस. सांगायचं की नाही, कधी, कोणाला, हे तिच्या हातात राहायला हवं, वर हर्मनबाईंचं सांगितलं ना, तेच.

मोठा माफीनामा पण लिहू नकोस, ‘मला इतकं वाईट वाटतंय, झोप लागत नाहीये’ वगैरे, त्यात तिलाच तुझी समजूत काढत बसावी लागते. आणि मेसेज असा असू दे की तिच्याऐवजी दुसऱ्या कोणी तो फोनवर वाचला तरी तिला त्रास होऊ नये, हे फार महत्त्वाचं आहे, तिच्या घरी फोन कोण बघतं ते तुला माहीत नाही. म्हणजे लग्नाचा, नवऱ्याचा, ‘तू ठीक आहेस ना’ असला उल्लेखच नको. मी असते तर एवढंच लिहिलं असतं: ‘त्या दिवशी पुस्तकातल्या बाईबद्दल मी जे बोलले ते मला नंतर पटलं नाही. ती जे वागली ते बरोबर होतं, तिने स्वतःला जिवंत ठेवलं. तुझी आठवण येते. कधी चहाला भेटावंसं वाटलं तर मी आहे, ग्रुपचं काही नाही.’ उत्तर आलं नाही तर पाठपुरावा करू नकोस. महिन्याभराने परत एखादा साधा मेसेज टाक, पुस्तकाचा विषय न काढता.

आणि समजा ती आली, आणि बोललीच, तर ‘मग तू इतके दिवस का राहिलीस’ हे तोंडातून निघू देऊ नकोस, त्याच्या सौम्य रूपातसुद्धा नाही, ‘मला आधी का नाही सांगितलंस’ हेही त्याच प्रश्नाचं भावंड आहे. ऐकून घे, विश्वास ठेव, आणि ‘तुला माझ्याकडून काय हवंय’ विचार. ती अजून त्या घरात असेल तर ‘आत्ताच्या आत्ता निघ’ म्हणून मागे लागू नकोस. निघण्याची वेळ आणि निघाल्यानंतरचे काही दिवस हाच काळ सगळ्यात धोक्याचा असतो, तेव्हा या कामातल्या अनुभवी माणसांबरोबर बसून, कागदपत्रं, पैसे, कुठे जायचं हे ठरवून तिने निघावं, तिच्या वेळेने. तू फक्त तिला तिथपर्यंत पोचायला सोबत कर. आणि तिने सांगितलेलं तुझ्या नवऱ्यालासुद्धा सांगायचं नाही, ती हो म्हणेपर्यंत.

ग्रुपमध्ये मात्र पुढच्या वेळी बोल. ती का गेली यावर कुजबुज सुरू झाली तर तिचं नावही न घेता थांबव. पुस्तक तू सुचवलं होतंस, तर दहा मिनिटं मागून घेणं तुला सहज जमेल. सांग की मी पण म्हटलं होतं पळाले असते म्हणून, आणि आता मला तसं वाटत नाही, आणि मग तो फोटोचा प्रसंग आणि ताटाचा प्रसंग, दोन्ही पानं मोठ्याने वाचून दाखव. कोणी परत म्हणालं की हो पण तरी दार उघडं होतं ना, तर एलिझाबेथ स्मार्टचं सांग. तिथे बसलेल्यांपैकी अजून कोण गप्प आहे याकडे मात्र बघत बसू नकोस.

ताई